रणमाळावरची हिरवळ

सावरगडावर पहाट वरून उतरते. आधी बुरुजाची कड तांबूस होते, मग तट, मग दिंडी दरवाजा. आणि पायथ्याचा रणमाळ बराच वेळ काळाच राहतो, जणू उजेडाला तिथे उतरायचे जिवावर येते.

*

चुना मळायची घाणी म्हणजे जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर, चरात उभे फिरणारे जड दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल. चाकाखाली जे येईल त्याचे पीठ होते.

*

पारिस शहरी सर्व देशांचे प्रदर्शन भरले होते, तिथे बारा वर्षांचे रघोजीराजे, सावरगडचे आताचे महाराज, गवतावर आडवे झाले होते. यंत्रे, झुंबरे, हवेत उडणारा फुगा, सगळे ते परत येईपर्यंत विसरले. गवत तेवढे लक्षात राहिले. गादीसारखे होते, म्हणायचे.

*

सावरगडच्या दरबारात विडा उचलणाऱ्याने काम कोणते ते विचारायचे नाही. आधी विडा, मग काम. विडा पागोट्याच्या घडीत जपायचा आणि काम फत्ते झाले की तोच वाळका विडा महाराजांसमोर चावून खायचा. ज्याला परत ठेवायचा असेल त्याने तबकात विड्याबरोबर तलवार, पागोटे आणि वतनही ठेवायचे. आजवर कुणी ठेवले नव्हते.

*

मराठ्याने मिशी उतरवली की लोक एकच विचारतात: कोण गेले?

*

गडकऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या तुळजाक्काला इंग्रजांच्या वेढ्यातले एवढेच आठवते. ती लहान होती, पोटात काही नव्हते, आणि वरच्या गडातून दिवसातून दोनदा धूर निघायचा.

*

गुढीपाडव्याच्या दरबारात चांदीच्या तबकातला विडा हैबतराव निकमांनी उचलला. हैबतराव संस्थानच्या पायदळाचे सरनोबत. म्हणजे, ज्या पायदळाने इंग्रजांशी तह झाल्यापासून सलामीखेरीज एकही बार काढला नव्हता, ज्याच्या बंदुका दसऱ्याला पुसल्या जात आणि एरवी खुंटीला लटकत, त्या पायदळाचे पन्नाशीतले, झुबकेदार मिशांचे, कमी बोलणारे सरदार. तरुण महाराजांच्या मागे सनदेने कारभार पाहणारे त्यांचे मामा, सर्जेराव मामासाहेब, तबक धरलेल्या हुजऱ्याकडे आणि मग हैबतरावांकडे पाहून प्रसन्न हसले. ते हसणे हैबतरावांना पुढे फार दिवस आठवायचे होते.

"निकम," महाराज म्हणाले, "आम्ही सर्व पृथ्वीचे प्रदर्शन भरवणार आहोत. दिवाळीनंतर. रणमाळावर."

"जशी आज्ञा, महाराज."

"आम्हाला हिरवळ हवी. तळे हवे. टेकड्या, वाटा, कारंजी. पारिसला होते तसे. तुमचे आठशे शिपाई नुसते बसून असतात."

हैबतरावांनी मान तुकवली. विडा पागोट्यात गेला होता.

रणमाळाची गोष्ट दरबारात सगळ्यांना ठाऊक होती. पेशवाई बुडाली त्या साली इंग्रजांनी सावरगडाला वेढा घातला, तेव्हा खालच्या तटावर गडकऱ्यांची माणसे रोज पडत होती. त्यांच्या दहनासाठी लाकूड मागायला गेलेल्यांना वरच्या गडातून राजांचा निरोप आला: लाकूड नाही, तूर्त मातीत ठेवा, वेढा उठताच चंदनावर जाळू, हा आमचा शब्द आहे. माणसे एका खड्ड्यात ठेवली. वेढा उठला तो तहाने, आणि तहात कलम होते की रणमाळावर जमाव करू नये, विस्तव करू नये. शब्द तसाच राहिला. खड्ड्यावर टेकाड झाले. तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला गडकऱ्यांच्या प्रत्येक घरातून एक लाकूड त्या टेकाडावर जाते. ठेवायचे आणि न बोलता परत यायचे. वर्षभरात वाळवी ते खाते. पुढच्या वर्षी दुसरे.

हैबतरावांचे आजोबा सुभानजी निकम त्याच टेकाडाखाली होते. हैबतराव दरसाल बाभळीचे ओंडके स्वतः खांद्यावरून नेत.

*

बागेसाठी पेंडलटन नावाचा साहेब आणला होता. उन्हाने सोललेल्या नाकाचा, नम्र, कामसू माणूस. माती चिमटीत घेऊन तो ती हुंगायचा आणि जिभेला लावायचा. शिपायांनी मुरूम खणला, नदीचा गाळ गाड्यांनी आणला, पहिल्या पावसावर विलायती बी पेरले. श्रावणापर्यंत रणमाळ खरूज झालेल्या कुत्र्यासारखा दिसू लागला: इथे हिरवा ठिपका, तिथे उघडी कातडी.

महाराज रोज घोड्यावरून येत, पाहत आणि ओठ काढून परत जात.

एके दिवशी मामासाहेबांनी हैबतरावांना बोलावून घेतले. ते वेलदोडे सोलत बसले होते.

"ते टेकाड मधे येतं, निकम. मंडपापासून गडापर्यंत नजर सरळ जायला हवी. साहेबांचं म्हणणं आहे."

"मामासाहेब, त्या टेकाडात..."

"ठाऊक आहे हो. म्हणून तर विडा तुमच्यापुढे धरला." त्यांनी दाणे तळहातावर घेतले. "दुसऱ्या कुणी तिथं कुदळ लावली असती तर गडकऱ्यांनी त्याला तिथंच गाडला असता. निकमांनी लावली तर कोण तोंड उघडणार? तुमचेच आजोबा आत आहेत. घ्या, वेलदोडा घ्या."

हैबतरावांनी वेलदोडा घेतला. हातात वेलदोडा घेऊन ते बाहेर आले तेव्हा त्यांना स्वतःच्या हाताची किळस आली, आणि तरीही तो टाकायला कुठे जागा सापडेना, इतका वाडा झाडून चकचकीत ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी पहिली कुदळ त्यांनीच मारली. विडा उचलला होता. सरनोबताने उचललेला विडा तबकात परत ठेवल्याचे निकमांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकले नव्हते, आणि माणूस जे ऐकलेले नसते ते आपल्याला करता येते हे सहसा विसरतो.

हाडे हातभर खोलीवरच लागली. एकावर एक, घाईने ठेवलेली. कुणाच्या मनगटात कडे, कुणाच्या कवटीत काडतुसाची गोळी. हैबतरावांच्या मनात होते की ती सन्मानाने काढावीत आणि नदीकाठी न्यावीत. साहेब मात्र खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून बसला आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले.

"सरदारसाहेब," तो आपल्या मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "हे काय आहे तुम्हाला माहीत आहे? हेच तर पाहिजे होते! आमच्या मुलखात जुन्या लढायांची हाडे जहाजे भरून आणतात, दळतात, शेतात घालतात. गहू छातीला लागतो. आणि तुम्ही लोकांनी हे नुसते पुरून ठेवलेत?"

हैबतरावांनी शेजारी उभ्या असलेल्या मामासाहेबांकडे पाहिले.

"दळा," मामासाहेब म्हणाले. "मंडपाच्या पायासाठी चुन्याची घाणी आहेच की."

*

घाणीचा आवाज चुन्याला वेगळा येतो. चुना खरखरतो. हाडे आधी कडकड मोडतात, मग करकरतात, आणि शेवटी चाक अगदी गप्प, जवळजवळ मऊ फिरते. ते गप्प फिरणे सर्वांत वाईट. पांढरी धूळ वर उठायची आणि भोवती उभ्या असलेल्यांच्या भुवयांवर, ओठांवर, पाण्याच्या मडक्यावर बसायची.

जमादार बाळोजी खैरे घाणीवर नेमलेला. तिसऱ्या दिवशी त्याने बैल सोडला आणि हैबतरावांपुढे येऊन उभा राहिला.

"सरकार, मला रजा द्या."

"विडा उचललाय, बाळोजी."

"तुम्ही उचललाय. धूळ माझ्या घशात चाललीय."

"मी पण इथंच उभा आहे ना?"

"उभं राहायला काय लागतं?" बाळोजी म्हणाला. "खांब पण उभा राहतो."

दुसऱ्या कुणी हे म्हटले असते तर हैबतरावांनी त्याला चाबकाने फोडले असते. त्यांनी नुसता मिशीवरून हात फिरवला. हात पांढरा झाला. जिभेला काहीतरी खारट, कोरडे लागले आणि ते काय आहे हे कळायच्या आत त्यांनी गिळले होते. मग ते झुडपामागे गेले. पोटात होते नव्हते ते सगळे पडले तरी ती चव गेली नाही. आपण कुणाला गिळले, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

आणि हिरवळ आली. भाद्रपदात ती अशी आली की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे: दाट, ओलसर, काळपट हिरवी, वाऱ्यावर एकाच अंगाला झुकणारी. मामासाहेब रोज सकाळी दवात अनवाणी फिरू लागले. "डोळ्यांना फार चांगलं असतं," ते हैबतरावांना सांगत. "तुम्हीही चाला." त्यांच्या ओल्या तळव्यांना गवताची पाती चिकटलेली असत. महाराजांनी तर एकदा जोडे काढून लोळण घेतली आणि उठताना बोटाला काही टोचले म्हणून पाहिले. दात होता. चाकातून निसटलेला, अख्खा, दाढेचा. महाराजांनी तो हस्तिदंती गुंडी समजून हैबतरावांच्या देखत खिशात टाकला.

*

सर्वपित्रीला तुळजाक्का आली. एकटीच. बाकीच्यांनी टेकाड गेल्याचे ऐकले होते आणि लाजेने दारे लावून घेतली होती. ती डोक्यावर बाभळीचे लाकूड घेऊन, काठी टेकत, हिरवळीच्या मधोमध येऊन थांबली. टेकाडाच्या जागी संगमरवरी बाई घागर ओतत होती.

"हैबता, टेकाड कुठाय?"

"काढलं, अक्का."

"आन् मानसं?"

 हैबतरावांनी हनुवटीने सभोवार दाखवले. गवत. वाटेपासून तळ्यापर्यंत.

म्हातारीला समजायला वेळ लागला नाही. तिने एक पाय वर उचलला. मग तो ठेवायला जागा पाहू लागली. सगळीकडे गवत. ती तशीच एका पायावर, काठीवर भार देऊन डुगडुगत उभी राहिली, आणि शेवटी तिने डोक्यावरचे लाकूड खाली टाकले व त्या लाकडावर चढून उभी राहिली.

"लाकूड मागत हुते रं ते," ती म्हणाली. "माझा बा सोता वर गेलता मागाया. वरनं सांगितलं, लाकूड न्हाई. तवा ते गप पडून राहिले. सबूद दिलाय म्हनून. आन् तू त्येंचं पीठ क्येलंस?"

"विडा उचलला होता, अक्का."

"मग खा की त्यो."

हैबतरावांनी तिला लाकडावरून पाठुंगळी घेतले. तिला जमिनीला पाय लागू न देता, रणमाळाच्या हद्दीबाहेर, दगडी वाटेवर नेऊन उतरवले. ती खाली उतरताच त्यांच्याकडे न पाहता चालू लागली.

ते परत वळले तेव्हा समोर स्वागतमंडप उभा होता. गडाच्या रानातले सगळे जुने साग त्यासाठी पडले होते. तीन मजली, नक्षीदार, नुकतेच जवसाचे तेल पाजलेले कोरडे सागवान. हैबतराव बराच वेळ त्या लाकडाकडे पाहत राहिले.

त्या दुपारी त्यांनी बाळोजीला बोलावले. घाणीवर अजून अर्ध्याहून अधिक हाडे होती.

"चाकाचा आख मोडला," हैबतराव म्हणाले.

"कुठं मोडलाय? फिरतोय की..." बाळोजी थांबला. त्याने हैबतरावांचा चेहरा पाहिला. "मोडला, सरकार. आत्ताच मोडला."

मामासाहेबांना वर्दी गेली: आख मोडला, सुतार सगळे मंडपावर गुंतलेले. मामासाहेबांनी हात झटकला. "राहू द्या. गवत आलंच आहे. उरलेलं नंतर गुलाबांना घालू."

महिनाभर हैबतराव मान खाली घालून कारंजी बसवत होते. मामासाहेब त्यांच्या आज्ञाधारकपणावर इतके खूश झाले की त्यांनी समारंभात त्यांना शेला देण्याचे ठरवले.

*

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे, बुरुजाची कड तांबूस व्हायच्या सुमाराला, शिपायांनी झेंडूने झाकलेल्या पाट्या मंडपात नेल्या. पाहणाऱ्यांना वाटले, फुले. पाठोपाठ तुपाच्या घागरी गेल्या. वाटले, होम असेल.

सूर्य वर आला तसे पाहुणे आले. शेजारचे राजे, इंग्रज सरकारचे एजंट साहेब, मड्डमा, मुंबईचे शेठ. मंडपासमोर हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. लोक बसत, मग वाकून गवताला हात लावून पाहत आणि वाहवा करत. एका मड्डमेने तर हातमोजा काढून पाती गालाला लावली. मंडप रिकामा होता. महाराज फीत कापतील तेव्हा दारे उघडायची होती. त्याआधी विडा.

भालदाराने पुकारा केला. हैबतराव निकम पुढे आले आणि दरबारी मंडळींत कुजबूज उठली, ती लाटेसारखी मागेपर्यंत गेली.

हैबतरावांना मिशी नव्हती. ओठ, गाल, सगळे गुळगुळीत. डोक्यावरचे पागोटे मात्र तेच.

महाराज गोंधळले. "निकम, कोण गेलं तुमच्याकडे?"

"आजोबा, महाराज."

"अरेरे. कधी?"

"इंग्रजांच्या वेढ्यात."

कुणीतरी हसले. एजंट साहेबांनी दुभाष्याकडे मान वळवली. मामासाहेबांचे हसू ओठांवरच वाळले.

"निकम," ते हळू म्हणाले, "विडा खा आणि बाजूला व्हा."

हैबतरावांनी पागोट्याच्या घडीतून विडा काढला. तो वाळून काळा पडला होता, त्यावर पांढरी धूळ बसली होती.  वतन म्हणजे घर, शेत, मुलांचे पुढचे सगळे. ते त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असलेच पाहिजे. मग त्यांनी विडा तबकात ठेवला. शेजारी तलवार. वर पागोटे. मुंडण केलेले डोके उन्हात उघडे पडले आणि तेव्हा वेलदोड्याच्या दिवसापासूनची ती किळस त्यांच्या आवाजात उतरली.

"महाराज, काम फत्ते झालं नाही. आपल्या पणजोबांनी माझ्या आजोबांना लाकूड कबूल केलं होतं. ते द्यायचं सोडून मी आपल्या हुकुमानं त्यांची हाडं दळली. आपण सगळे बसलात ना, त्या गवतात मी त्यांना पेरलंय. आपल्या खिशात जी गुंडी आहे, ती दाढ आहे. कुणाची, ते मला सांगता येणार नाही."

दुभाष्याने हे इंग्रजीत सांगितले की नाही कळत नाही, पण ती मड्डम गाल पुसू लागली. महाराजांचा हात खिशाकडे गेला आणि निखाऱ्याला लागावा तसा मागे आला.

हैबतराव वळले. मंडपाच्या पायरीशी बाळोजी उभा होता, हातात दोरीने टांगलेले विस्तवाचे मडके. अंत्ययात्रेत पुढे चालणाऱ्याच्या हातात असते तसे. ते पाहताच दरबारातले जुने लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. कशासाठी उठलो हे त्यांनाही कळले नसावे.

"धरा!" मामासाहेब ओरडले. "अरे, धरा त्याला! काय बघता?"

रांगेत आठशे शिपाई होते. एकही हलला नाही.

"जमादार! गोळी घाला!"

"मामासाहेब," बाळोजी तिथूनच म्हणाला, "आमच्या बंदुका फक्त सलामीच्या हायेत." आणि तो रांगेकडे वळून गरजला, "सलामी द्या!"

आठशे बंदुका वर गेल्या. बँडवाल्यांना वाटले, हाच इशारा. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. हैबतरावांनी मडके हातात घेतले, मंडप डाव्या हाताला ठेवून, चितेभोवती घालतात तशी एक उलटी फेरी मारली, बँड वाजत असतानाच, आणि खिडकीच्या चौकटीतून मडके आत फेकले.

तूप, तेल पाजलेले साग, झेंडूच्या पाट्या. ज्वाळा तिन्ही मजल्यांतून एकदम बाहेर आल्या. मागच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, प्रदर्शनातलाच हा एक देखावा. वास पोचला तेव्हा टाळ्या थांबल्या आणि खुर्च्या उलटल्या. राजे, शेठ, मड्डमा उड्या मारत, गवताला पाय लागू नये असे पाहत पळत सुटले, पण पाय ठेवायला दुसरे तिथे काही नव्हते.

हैबतराव हात जोडून आगीसमोर उभे राहिले. कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत ते हलले नाहीत. तो आल्यावर त्यांनी स्वतःच मामासाहेबांच्या खासगी रखवालदारांपुढे हात केले.

*

संस्थानाने बाहेर कळवले की दारूकामाच्या ठिणगीने मंडपाला आग लागली. बाळोजी आणि आणखी काहीजण कैदेत गेले. हैबतरावांचे वतन जप्त झाले, घरावर नांगर फिरला, आणि त्यांना हद्दपार करण्यात आले. पुढे ते एका गिरणीत पहारेकरी होते आणि जेवताना पानातली हिरवी भाजी बाजूला सारत, असे त्यांचे सोबती सांगत. तुळजाक्का आणि गडकऱ्यांच्या बायकांनी राख निवेपर्यंत भोवती कडे केले, कुणालाही जवळ येऊ दिले नाही, आणि ओच्यांत भरून ती नदीला नेली. पेंडलटन साहेबाने थोडीशी राख गुलाबांसाठी मागितली होती. लाकडाची राख गुलाबांना उत्तम, असे तो अगदी कळवळून सांगत होता.

प्रदर्शन दुसऱ्या आठवड्यात भरलेच. जळक्या जागेवर कनाती लावल्या. हिरवळीला सुवर्णपदक मिळाले.

इंग्रजांचा वेढा उठला त्या सकाळी सावरगडाच्या वरच्या गडात, राजांच्या मुदपाकखान्यामागच्या कोठीत बाभळीचे वाळके सरपण छतापर्यंत रचलेले होते.